बंदुकीला गोडं पाणी

त्या साली मृगाचा पाऊस एकदाच पडला आणि जो गेला तो पुन्हा गावाकडे फिरकला नाही. पेरलेलं बी मातीत भाजून निघालं. त्याच पावसाळ्यात लातूरचा नवा जिल्हा झाला. शिरूरच्या बाजारात पेढे वाटले म्हणे. धामणवाडीपर्यंत ना पेढा आला ना पाणी. उस्मानाबादेच्या कचेरीतले कागद तेवढे गाड्या भरून लातुरात आले आणि नवे साहेब ते उपसत बसले.

धामणवाडीत हापसा एकच, आणि त्याचं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर रटरटली तरी दाताखाली कचकच वाजायची. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसायचा आणि नव्या माणसाच्या पोटात कळ उठायची. गोडं पाणी म्हणाल तर अमृतराव मालकांच्या मळ्यातल्या विहिरीत. बाकीच्या विहिरींत दगड दिसत होते, हिच्यात अजून कंबरभर पाणी होतं. मालकांनी ते बियाण्याच्या उसासाठी राखलं होतं. माणसांचं बियाणं राखायची जबाबदारी अर्थात त्यांच्यावर नव्हती.

व्यंकटी पांचाळ हा गावचा लोहार. पेरणीच फसली म्हटल्यावर फाळ कोण आणणार आणि विळे कशाला पाजवणार? त्याचा भाता भिंतीला टेकून पडला होता, चामड्याला भेगा गेल्या होत्या. घरात बायको सरजाबाई, आणि पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक सिंधु. सिंधुचं सासर बिलोलीकडचं, नदीकाठचं. तिला हापशाचं पाणी आल्या दिवसापासून बाधलं. प्याली की जुलाब, नाही प्याली तर ओठ फुटायचे. एवढं मोठं पोट घेऊन ती परसाकडे जायची तेव्हा सरजाबाई तिच्या काखेत हात घालून मागे मागे जायची.

पण सरजाबाई हुशार बाई. मृगाचा तो एकुलता एक पाऊस पडला तेव्हा सगळं गाव अंगणात नाचत होतं आणि ही पत्र्याच्या वळचणीखाली घागरी लावत होती. घरातला मोठा रांजण तिने काठोकाठ भरून घेतला होता. तोंडाला धडपं बांधलं, वर पाटा ठेवला. सिंधु आल्यावरच तो पाटा हलला. सिंधुला पिण्यापुरतं त्यातलं, बाकीच्यांना हापशाचं. व्यंकटीने एकदा उगीच त्या रांजणाकडे बघितलं तर सरजाबाई म्हणाली, बघायचं बी न्हाई तिकडं.

भाद्रपद सरत आला तेव्हा मालकांचा सालगडी भुजंग बोलवायला आला. भुजंग तरणा, भाबडा गडी. व्यंकटीला मामा म्हणायचा. मालकांनी तातडीनं बोलावलंय, एवढंच त्याला माहीत होतं.

अमृतराव ओसरीवर बसले होते आणि पुढ्यात घोंगड्यावर त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल होती. या रायफलीने थोरल्या मालकांनी निजामाच्या काळात काळवीट लोळवली होती. त्यांच्या मागे ती माळवदावर कडब्यात पडून होती आणि तिची नळी जंगानं तांबडी झाली होती, हात लावला तर बोटाला भुकटी लागत होती. नव्या जिल्ह्याच्या साहेबांनी सगळ्या परवानेवाल्यांना बंदुका दाखवायला लातूरला बोलावलं होतं. ज्याची बंदूक नादुरुस्त त्याचा परवाना रद्द, असं सांगणं आलं होतं. मालकांनी आयुष्यात रानडुकरावर सुद्धा गोळी घातली नव्हती, पण परवाना जाणं म्हणजे मिशी जाणं.

"व्यंकट्या, तुझा बाप जहागीरदाराच्या बंदुका काळ्या करायचा. तुला येतंय का न्हाई?"

व्यंकटी त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता. तो खाली अंगणात उकिडवा बसून म्हणाला की येतं, पण जमायचं नाही. बापाच्या हाताखाली शिकलोय, औषध ठाऊक आहे, मात्र नळी परत परत उकळावी लागते आणि त्याला पावसाचं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात उकळली की पांढरे डाग धरतात आणि त्या डागांतून पुन्हा जंग फुटतो. मालकांच्या विहिरीचं दिलं तर करतो.

मालक हसले. विहिरीचं पाणी उसाला मोजून चाललंय, म्हणाले. मग जरा थांबून, तुझ्या घरी रांजण आहे की, असंही म्हणाले. गावात कुणाच्या घरी काय झाकून ठेवलंय हे त्यांना बरोबर माहीत असायचं.

"मालक, ते लेकीसाठी ठिवलंय. तिला हापशाचं बाधतंय."

"मग लेकीचंच बोलून राहिलो मी. बंदूक चकाचक करून दे. तुझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या विहिरीवर. रोज घागर भरून ने, कुणी अडवणार न्हाई. अमृतरावाचा शब्द हाय."

व्यंकटीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सरजाबाई भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही. रांजणातलं पाणी सिंधुला बाळंतपणापर्यंत कसंबसं पुरणार, मग पुढं काय, हा घोर तिलाही होताच. विहिरीची घागर मिळाली तर बाळंतिणीला पाणी, लेकराच्या अंघोळीला पाणी. शेवटी ती एवढंच म्हणाली की अर्धा रांजण घ्या, अर्ध्याच्या खाली एक वाटी गेली तर बघा. आणि तिने रांजणाच्या पोटावर बाहेरून, अर्ध्याच्या अंदाजानं, काजळाची रेघ ओढली.

हे काम म्हणजे उलटं गणित असतं. नळीला जंग लागू नये म्हणून आधी तिला जंग आणायचा. व्यंकटीने नळी लाकडापासून सोडवली, विटेच्या भुकटीनं आणि तेलानं घासून घासून पांढरी काढली, राखेच्या पाण्यानं तिचा ओशटपणा धुतला आणि दोन्ही तोंडांत बुचासारखे लाकडाचे गुडदे ठोकले. त्यानंतर नळीला उघडा हात लावायचा नाही, गुडद्यांनाच धरायचं; घामाचं एक बोट लागलं तरी तिथं डाग उठतो. नवसागर आणि मोरचूद पावसाच्या पाण्यात विरघळवून त्याने ते औषध चिंधीनं नळीला पुसटसं फिरवलं आणि नळी टांगली रांजणाच्याच कोपऱ्यात, कारण अख्ख्या घरात ओल म्हणून जी काय होती ती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी नळीवर तांबडी लव आली. मग पत्र्याचा लांब डबा चुलवणावर ठेवायचा, रांजणातलं पाणी ओतायचं, उकळी आली की नळी आत सोडायची. बघता बघता तांबडी लव काळी पडायची. काढायची, मऊ चिंधीनं निपटायची, पुन्हा औषध, पुन्हा कोपरा, पुन्हा उकळी. दर खेपेला रंग गडद व्हायचा, आणि दर खेपेला औषधानं नासलेलं हिरवट पाणी बाहेर ओतावं लागायचं. ते गुरांनाही पाजता यायचं नाही. व्यंकटी ते ओतायला दारात गेला की सरजाबाई पाठ फिरवून बसायची. सिंधु मात्र बाजेवर पडून बापाचं काम बघायची आणि म्हणायची, बा, जांभळावानी दिसाय लागली की ओ. व्यंकटीला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तो सुखात होता. किती महिन्यांनी हाताला काम होतं, आणि बापाचं काम होतं. माणूस असा लबाड असतो. लेकीचं पाणी आटत असताना त्याला नळीच्या रंगाचं कौतुक वाटत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नळी पुरी झाली. पाणी बरोबर काजळाच्या रेघेवर टेकलं होतं. आता फक्त जवसाचं तेल ऊन करून मुरवायचं राहिलं होतं, ते दसऱ्याला करू म्हणून त्याने नळी तशीच कोरडी टांगून ठेवली.

नवमीला सकाळी तो हापशाच्या रांगेत घागर धरून उभा होता तेव्हा घरी सरजाबाईनं हत्यारांची पूजा मांडली. लोहाराच्या घरात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. घण, सांडशी, छिन्न्या, हातोडे घोंगड्यावर ओळीनं मांडायचे, पाचही बोटांनी ओली हळद लावायची, वर कुंकू, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्यांचा तो विसाव्याचा दिवस.

व्यंकटी घागर उतरवून आत आला आणि दारातच उभा राहिला. घणाच्या आणि सांडशीच्या मधोमध, मानाच्या जागी, रायफलीची नळी होती. तिच्यावर ओल्या हळदीची पाच बोटं उमटली होती, कुंकवाचे ओघळ आले होते, नारळाचं पाणी थेंबाथेंबानं चमकत होतं.

"हे काय केलीस?"

सरजाबाई म्हणाली, "घरातलं सगळ्यात मोठं हत्यार त्ये. त्येला सोडून पूजा कशी करू? सिंधु सुखरूप सुटू दे म्हनून त्येलाच मागून घेतलंय."

व्यंकटीचा हात पुढं गेला. एका चिंधीचं काम होतं, हळद-कुंकू निपटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण हात मधेच थबकला. त्याच्या बापाने एका नवमीला कुणाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवायची अडली म्हणून पुजलेला घण उचलला होता, आणि त्याच वर्षी ठिणगी उडून त्याचा डोळा गेला होता. इथं तर नुसती पूजा नव्हती, लेकीसाठी मागणं होतं. पुसलं आणि सिंधुचं काही कमीजास्त झालं तर? तो सरजाबाईकडे बघत राहिला. तिलाही आता कळलं होतं की काहीतरी चुकलं, पण पुसा म्हणायची तिची छाती झाली नाही. दोघंही शहाणी माणसं, आणि दोघंही त्या नळीसमोर हात जोडून बसली.

दसऱ्याला उजाडताच त्याने नळी उचलून पुसली. पाच बोटं नळीत उतरली होती. तांबडी, खरबरीत, नख लावलं तर खवले निघत होते, आणि कुंकवाच्या ओघळाखाली तर खळगेच पडले होते. अख्खी नळी पुन्हा घासून पांढरी काढल्याशिवाय इलाज नव्हता. म्हणजे पहिल्यापासून औषध, पहिल्यापासून उकळी.

तो विटेची भुकटी घेऊन बसला आणि घासू लागला. दुपारी त्याने चुलवण पेटवलं, डबा ठेवला आणि तसाच बसून राहिला, रांजणाकडे जाण्याचा त्याला धीर होईना. तेव्हा सरजाबाई उठली. तिने पाटा बाजूला केला, धडपं सोडलं आणि काजळाच्या रेघेखालचं पाणी तांब्यानं काढून डब्यात ओतलं. आपल्याच हाताची चूक म्हणून तिने ते व्यंकटीला करू दिलं नाही. सिंधु भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

नळी दुसऱ्यांदा पुरी होऊन तिच्यात तेल मुरलं तेव्हा रांजणाच्या तळाशी गाळ होता.

बंदूक अशी झाली की अमृतराव पाच मिनिटं नुसतं नळीवरून रुमाल फिरवत बसले. मग ते लातूरला गेले. नव्या साहेबांनी बंदूक उलटीसुलटी करून बघितली, परवान्यावर शिक्का मारला आणि कुठं काम केलं म्हणून विचारलं. मालकांनी हैदराबादला केलं असं सांगितलं. हे व्यंकटीला भुजंगाकडून कळलं. भुजंग बरोबर गेला होता. मामा, तुमचं नाव घ्यायला काय झालं होतं, असं तोच म्हणाला. व्यंकटी म्हणाला, नावाचं काय करायचंय, घागर मिळू दे.

घागर मागायला तो गेला तेव्हा मालक म्हणाले, घाई काय, बाळंत तर होऊ दे.

सिंधु दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. हापशाच्या पाण्यानं तिच्या अंगातलं सगळं निघून गेलं होतं, डोळे खोल गेले होते. मुलगी झाली, बारकी, पण आवाजाला खणखणीत. सिंधुला दूध मात्र येईना. सुईण म्हणाली, आईच्याच अंगात पाणी नाही तर दूध कुठून येईल, हिला गोडं पाणी पाजा, पेज करून घाला. खाऱ्या पाण्याची पेज सिंधुनं तोंडात घेतली आणि सगळी उलटून टाकली.

"माय, रांजणातलं थोडं हाय का गं," सिंधुनं विचारलं. सरजाबाई रांजणापाशी गेली, वाटी आत घालून खरवडल्याचा आवाज केला आणि परत येऊन लेकीचे पाय दाबत बसली.

व्यंकटी मालकांच्या ओसरीखाली जाऊन उभा राहिला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटल्यासारखं तोंडही केलं. मग म्हणाले, "तुला दिलं की उद्या अख्खं गाव घागरी घेऊन येतंय. कुनाकुनाला न्हाई म्हणू? पाऊस पडू दे, मग तुझी घागर पहिली."

"मालक, शब्द दिलता तुमी."

"दिलता की. तवा पाणी कंबरभर होतं."

एवढं बोलून ते आत गेले.

पाचवीचा दिवस उजाडला. सरजाबाईनं डोक्यावर पदर घेतला, पितळी ताटलीत हळद-कुंकू आणि हापशाच्या पाण्याचा गडवा ठेवला, कमरेला रिकामी घागर घेतली. मालक बाईमाणसाला नाही म्हणणार नाहीत, नातीच्या पाचवीला विहीर पुजून एक घागर मागते, असं तिचं म्हणणं होतं. व्यंकटीला खात्री नव्हती, पण तो मागोमाग गेला.

मळ्याच्या वाटेवर ऊन पांढरं पडलं होतं. विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडाच्या काठावर, बाभळीच्या विरळ सावलीत भुजंग बसला होता आणि त्याच्या मांडीवर ती रायफल होती. दोघांना बघून तो चटकन उठला. त्याला लाज वाटत होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मामा, माझ्या हातात काय न्हाई बगा. मालक म्हनले, शेत राखायला सरकारनं परवाना दिलाय, तर बंदूक घेऊन विहिरीवर बस. कुनी घागर सोडली की धाक दाखव म्हनले."

व्यंकटी नळीकडे बघत होता. उन्हात ती जांभळीकाळी दिसत होती, कुठं डाग नाही, कुठं ओरखडा नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. भुजंगाने नळी उघड्या, घामेजल्या मुठीत धरली होती. हात नको लावू असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"एकच घागर, भुजंगा," सरजाबाई म्हणाली. "लेकरू कोरडं चोखून राहिलंय."

भुजंगानं मान खाली घातली. मळ्याच्या टोकाला, उसाच्या कडेला, मालकांचं पांढरं धोतर दिसत होतं. ते इकडेच बघत होते.

सरजाबाईनं घागर खाली ठेवली. ताटलीतली हळद तळहातावर घेतली आणि गडव्यातलं खारं पाणी ओतून ती कालवली.

"बरं, पानी नको देऊ. पाचवीला हत्यार पुजावं लागतंय, तेवढं तर करू दे. ह्या बंदुकीनं आमच्या लेकीचं पानी प्यालंय. हिलाच पुजते."

पाचवीच्या पूजेला नाही कोण म्हणणार? भुजंगानं उलट आदरानं बंदूक आडवी करून दोन्ही हातांवर धरली. सरजाबाईनं पाचही बोटं दाबून नळीवर उमटवली, एकदा, दोनदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर कुंकू लावलं. उरलेलं खारं पाणी ओंजळीनं शिंपडलं आणि खाली वाकून नमस्कार केला.

"उद्यापतोर पुसू नको बरं का, भुजंगा. सटवाईचं हाय. पुसलंस तर लेकराला बाधंल."

"न्हाई मामी, हात बी लावत न्हाई," भुजंग म्हणाला, आणि त्याने बंदूक हळूच बाभळीला टेकवून ठेवली.

व्यंकटी हे सगळं बघत बाजूला उभा होता. तेल मुरलेल्या नळीचंही खारं पाणी रात्रभरात काय करणार ते त्याला ठाऊक होतं, किती खोल उतरेल तेही ठाऊक होतं. तिने घागर उचलली आणि दोघं मागे फिरली.

बांध ओलांडल्यावर व्यंकटी म्हणाला, "उद्या मालक भुजंगाला धरून बडवत्याल."

सरजाबाई तशीच पुढं चालत राहिली. तिच्या बोटांना हळद लागलेली होती, ती तिने पदराला पुसली नव्हती.

आणखी थोडं चालून गेल्यावर तो म्हणाला, "अन् सरजे, जंग बाहिरून धरंल. गोळी आतून जाती."

ती थांबली. वळून एकदा विहिरीकडे बघितलं. मग घागर या कमरेवरची त्या कमरेवर घेतली आणि हापशाच्या वाटेला लागली.